खांडीतला चिखल

पेणच्या परिसरात वाढलेल्या माणसाच्या हातात कधी ना कधी ब्रश येतोच. कॉलेजात असताना मीही सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात जायचो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर वेगळे, त्यांचा रुबाब वेगळा, चहासुद्धा त्यांना आधी. मला पाट रंगवायला देत. पाटाकडे कोणी बघत नाही. मूर्ती घरी गेली की त्याच्यावर दुर्वा आणि फुलं पडतात आणि तो दिसेनासा होतो. तरी मला ते काम आवडायचं. देव कशावर बसलाय ते कोणीतरी नीट सांगायला नको का, असं मी म्हणायचो आणि बाकीचे मला हसायचे.

त्याच हौसेवर आज मी चार पैसे मिळवतो. नोकरी रोह्याला, कंपनीत, शिफ्टची. उरलेल्या वेळात बेस करतो. राक्षस, ड्रॅगन, सात फण्यांचे सर्प असे रेझिनचे पुतळे मागवणारे हौशी लोक आपल्याकडे बरेच आहेत. राक्षस ते स्वतः रंगवतात आणि त्याच्या पायाखालची जमीन माझ्याकडून करून घेतात. बर्फ, जंगल, जळलेलं गाव, काय म्हणाल ते. बायको म्हणते, लोक घरं बांधतात, हे राक्षसांना अंगण करून देतात.

मागच्या दिवाळीनंतर नाशिकच्या एकाने मोठं काम दिलं. त्याचा सर्प हातभर उंच होता. त्याला हवं होतं असं दृश्य: एक जुना बांध फुटलाय, समुद्र आत शिरलाय आणि त्या भगदाडातून सर्प वर येतोय. त्याने नमुन्याला पाठवलेल्या फोटोत दगडी भिंती होत्या. मी म्हटलं, दगडाचं राहू द्या, मातीचा बांध करतो. मातीचा बांध फुटतो कसा ते मला ठाऊक होतं.

आमचं गाव वडखळच्या पुढे, खाडीला लागून. गावची सगळी भातशेती एका बांधाच्या भरवशावर होती. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. मी प्राथमिक शाळेत असताना एका श्रावणात बांधाला भगदाड पडलं. आमच्याकडे त्याला खांड म्हणतात. त्या खांडीत माझा काका गेला. बाबांचा धाकटा भाऊ, लग्न ठरलेला. तो सापडला नाही. खांड पुढे बुजवली, पुन्हा फुटली, पुन्हा बुजवली, आणि शेवटी लोक कंटाळले. आता तिथे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान आहे. बांधाचे नुसते तुकडे उरलेत आणि मधल्या चिखलात माणूस कमरेपर्यंत जातो.

आई गेल्यावर मी बाबांना रोह्याला आणलं. ते तसे शांत माणूस, पण अमावस्या-पुनव जवळ आली, खाडीला उधाण यायचे दिवस आले, की त्यांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. त्या दिवसांत दुपारी जेवायचे नाहीत. आई त्याला उपास म्हणायची, म्हणून आम्हीही उपास म्हणायचो. आणि संधी मिळाली की घरातून निघायचे. एकदा दिव्याला जाणाऱ्या गाडीत बसले आणि पुढच्याच निडी स्टेशनवर उतरले, तिथल्या ओळखीच्या माणसाने फोन केला म्हणून सापडले. कुठे चालला होतात विचारलं तर म्हणाले, "बांदावर." मला धडकी भरली ती तेव्हापासून. बाबा एखाद्या दुपारी खरंच तिथे पोचले तर परत येणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

बेसचं काम सुरू केलं आणि रंगावर अडलो. खाडीचा चिखल तपकिरी नसतो. ओला असताना काळा-निळा, वर जांभळट तेल सांडल्यासारखी झाक, आणि वाळला की राख. रंगाचे थर चढवले, पातळ रंग भेगांत सोडला, कोरड्या ब्रशने कडा उजळवल्या. सगळं करून शेवटी दिसायचं काय, तर चॉकलेट. चिडून एका सुट्टीला मोटारसायकल काढली आणि थेट गावाच्या बांधावर गेलो. खांडीच्या काठावरून पिशवीभर चिखल खरवडून आणला. काम नीट व्हावं एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

घरात पाऊल टाकलं तर बाबा खुर्चीतून उठले. पिशवीला गाठ होती. तरी ते जवळ आले, हुंगलं आणि म्हणाले, "आपल्या खांडीतला हाय."

खाऱ्या जमिनीतली माती गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय कामाला घेऊ नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. पण मला उत्साह. चिखल वाळवला, चाळला, गोंदात कालवला आणि थर्माकोलच्या सांगाड्यावर थापला. पाटाएवढा बेस झाला. मधून बांध, मधोमध खांड, एका बाजूला पाण्यासाठी खोलगट जागा. वर तिवरांची मुळं तारेची केली. वार्निश मारून दोन पावलं मागे सरलो. त्यात कुठे रंगवलेलं असं काही दिसतच नव्हतं. खाडीचा एक तुकडा कापून कोणी माझ्या टेबलावर ठेवला होता.

दुसऱ्या सकाळी बांधाच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. मीठ. वार्निश फोडून वर आलं होतं. मी ब्रशने झाडलं, पुन्हा रंग लावला, पुन्हा वार्निश मारलं. ते पुन्हा आलं, त्याच ओळीत, भरतीचं पाणी जिथवर चढतं बरोबर तिथवर. तोवर मला गंमत वाटत होती. मग अमावस्या आली आणि दुपारी बेस ओला झाला. खांडीच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं, थेंब धरले आणि खोलगट जागेत उतरले. मी रसायनांच्या कंपनीत काम करतो. मीठ हवेतला ओलावा ओढतं, पश्चिमेचा वारा सुटला की हवा दमट होते, हे मला पाठ आहे. मी बायकोला तसं समजावलंही. ती म्हणाली, "मग बरणीतल्या मिठाला का नाही सुटत?" मी म्हटलं, बरणीला झाकण असतं. पण पुनवेलाही तेच झालं, आणि तो वारा नेमका उधाणालाच का सुटावा?

एक मात्र बरं झालं, बाबांचं बाहेर पळणं थांबलं. बेसपुढे खुर्ची टाकून बसायचे. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, असेना का, चिखल तर चिखल.

एका दुपारी, माझी सेकंड शिफ्ट होती म्हणून मी घरी होतो, बायको स्वयंपाकघरातून आली आणि हळूच म्हणाली, "अहो, बाबा कोणाशी तरी बोलतायत." मी दाराशी उभा राहिलो. बाबा बेसकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हाय." मग गप्प. मग मान जराशी वळवून, कोणी विचारल्यासारखं ऐकून घेतलं आणि पुन्हा, "हाय."

ते काय होतं हे मला कळलं. उधाणाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरची माणसं बांधावर राखणीला असायची. जो तो आपल्या वाट्याच्या तुकड्यावर. पाऊस असा लागलेला असायचा की शेजारचा माणूस दिसायचा नाही. म्हणून हाक द्यायची, "हाय का?" पलीकडच्याने "हाय" म्हणायचं आणि पुढच्याला विचारायचं. उत्तर आलं नाही तर तिथे काहीतरी बिनसलं. लहानपणी मी ही हाक घरात बसून ऐकलेली आहे. बाबा आता त्यातला प्रश्न विचारतच नव्हते. ते नुसतं उत्तर देत होते. आणि दोन उत्तरांच्या मध्ये एका हाकेपुरती जागा सोडत होते.

मी घाबरलो, आणि घाबरलो की मी चिडतो. पुढच्या उधाणाच्या आदल्या दिवशी बेस फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. नाशिकवाल्याला विकतची पेस्ट वापरून दुसरा करून देऊ, झालं. दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेलो आणि बाहेर आलो तर दार उघडं, चपला नाहीत.

ते स्टेशनवर सापडले, दिव्याच्या गाडीची वाट बघत. दुपारच्या उन्हात फलाटावर कुत्रंही नव्हतं. मी ओरडायच्या तयारीत होतो. पण जवळ गेलो आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मी शेजारी बसलो. म्हटलं, "बाबा, हाक कोण मारतं?"

"तुझा काका."

मग त्यांनीच सांगितलं, रुळांकडे बघत.

"त्या दिवशी मी जागेवर नवतो. भूक लागली व्हती रं, दुसरा काय नाय. सकालपासून पावसात उभा. बदलीचा मानूस आला नवता. म्हटला, दोन घास खातो नि येतो. घरी तुझी आई भाकऱ्या भाजत व्हती. मी पाटावर बसलो नि तिथपावत त्याची हाक आली. हाय का. मी म्हटला, हा घास खातो. परत आली. मग नाय आली."

म्हणजे आम्ही समजत होतो तशी खांड काकाच्या तुकड्यात पडलीच नव्हती. ती बाबांच्या तुकड्यात पडली होती. काकाला उत्तर मिळालं नाही, तेव्हा भाऊ पाण्यात गेला असं समजून तो बघायला आला.

आईला हे माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. त्यांच्या उपासाचा अर्थ मात्र मला तिथे फलाटावर कळला. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस एका घासापाशी अडकून बसला होता आणि आम्ही त्याला साबुदाण्याची खिचडी करून देत होतो.

आमच्या कंपनीत एक नियम आहे. बदलीचा माणूस येऊन "चार्ज घेतला" म्हणत नाही तोवर आपली जागा सोडायची नाही, मग डबल शिफ्ट झाली तरी बेहत्तर. या नियमाला मी इतक्या शिव्या दिल्यात की बस. पण त्या दिवशी मला दिसलं की बाबांना सोडवायला कोणी आलंच नव्हतं. ते अजून ड्युटीवर होते.

मी त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. माळ्यावरून बेस काढला आणि फडकं सोडलं. बांध ओला होता. फडकंही ओलं होतं, हाताला गार लागत होतं. बायको दारातून बघत होती. तिला मी मानेनेच गप्प राहायला सांगितलं. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि भीतीही. तरी मी बाबांच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबा, बदलीला मी आलोय. आता पाळी माझी. तुम्ही जेवून घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगावर कंपनीचा शर्ट होता माझ्या. मला वाटलं, हसतील, किंवा रागावतील. ते वाकले आणि बेसवर बोट ठेवलं. "हितं खेकड्यांची बिला हायत. हितून पानी पाझरतं, पेंढा नि चिखल तयार ठेव. या अंगाला उभा रव, त्या अंगाला माती भुसभुशीत हाय." मी हं हं म्हणत होतो. ते बोट माझ्या रंगवलेल्या बांधावरून चालत गेलं आणि खांडीपाशी थांबलं. तिथलं त्यांनी काही सांगितलं नाही.

मग ते सरळ झाले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. "सूनबाय, वाढ गो," म्हणाले. बायकोने डोळे पुसले आणि आत पळाली. दाराच्या चौकटीत ते थांबले.

"हाक आली का लगेच हाय म्हनायचं. उशीर नाय करायचा," ते म्हणाले. "तो थांबत नाय. आवाज नाय मिलाला तर सोधाया येतो."

ते आत गेले. पाट सरकवल्याचा, मग ताट ठेवल्याचा आवाज आला. मी खुर्ची ओढून बेसपुढे बसलो. बांधाच्या कडेने थेंब धरत होते, एकेक करून खांडीत उतरत होते. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. आत बाबांनी जेवायला सुरुवात केल्याचंही ऐकू येत नव्हतं; तेही कान देऊन बसले असावेत. मग मी "हाय" म्हटलं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.