दुपदरी वायर

यजमानांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, इथंही घेणार नाही. 'हे' म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना कळायचं, तसं तुम्हालाही कळेल.

हे लष्करात होते. बंदूक घेऊन सीमेवर नव्हे, गाड्यांच्या वर्कशॉपात, वायरिंगच्या कामावर. वर्षाला दोन महिने सुट्टी. पण कराडजवळचं आमचं घर एवढं माणसांनी भरलेलं, की नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर गोठा गाठावा लागे, आणि गोठ्यातही कुणीतरी धार काढत बसलेलं असे. लग्नाला पाच वर्षं झाली होती. मला हे घरी हवे होते, कायमचे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, यांनाही नाही.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लष्कराच्या लिलावातून एक जुनी पिकअप आणि तिच्यामागं जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर घेतला होता. गुळाची, धान्याची भाडी मारायची आणि लेकानं नोकरी सोडून ती गाडी चालवायची, असा बेत होता. पण आदल्या हंगामात उतारावर भरलेल्या ट्रेलरनं मागून असा रेटा दिला, की पिकअप चरीत गेली. माणसं वाचली. तेव्हापासून सासूबाईंनी गाडी विकायचा धोशा लावला, आणि गिऱ्हाईकही मिळालं. मामंजींनी यांना निक्षून सांगितलं, "ट्रेलर ढकलायचा थांबला तर गाडी ऱ्हाईल. न्हाईतर पंचमी झाली की देऊन टाकणार." गाडी गेली असती तर हे नोकरीची मुदत वाढवून घेणार होते. म्हणजे आणखी कितीतरी वर्षं दोन-दोन महिन्यांचा संसार.

ट्रेलरच्या चाकांत विजेचे ब्रेक मुळातच होते. ड्रमच्या आत लोहचुंबक, वीज सोडली की ते ड्रमला चिकटायचं आणि ब्रेक दाबला जायचा. फक्त वायरी कुणीतरी उपटून नेल्या होत्या. यांनी पुण्याच्या भंगारातून एक लोखंडी डबी आणली. तिला बाहेर एक दांडी. दांडी जेवढी दाबावी तेवढी वीज ट्रेलरला जाणार. ही डबी स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला बसवली, बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून डबी, असं सगळं जोडलं. हे गाडीखाली उताणे आणि मी पदर खोचून वरून वायर सोडतेय, हे बघून सासूबाई म्हणाल्या, "सून नांदवाय आणलीया का वायर धराय रं?" हे गाडीखालूनच म्हणाले, "दोन्ही करतीया की." मी लाजून मरायची तेवढी राहिले.

डबीपासून मागच्या सॉकेटपर्यंतची वायर तेवढी राहिली होती. तिचं भेंडोळं आलं ते पंचमीच्या आदल्या संध्याकाळी. आणि पंचमीच्या दुसऱ्या दिवशी यांची सुट्टी संपत होती.

आता माझं माहेर शिराळ्याचं, नागांच्या गावचं. नागपंचमी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. सासूबाईंनी सकाळी उठल्या उठल्या फर्मान काढलं, "वायर बी कापायची न्हाई." यांनी मुकाट्यानं अख्खी वायर जोडली आणि लागत नव्हती तेवढी सीटखाली गुंडाळून ठेवली. शिवाय पंचमीला मला माहेरी जायचं होतं, भाऊ न्यायला येणार होता. यांच्या सुट्टीचा शेवटचा दिवस, आणि मी तिकडं फेर धरून नाचायचं! रात्रभर रडले होते मी. पण यांनी भावाला निरोप धाडला, येऊ नको, मीच सोडतो, ब्रेकची परीक्षाही होईल.

ट्रेलरमध्ये जोंधळ्याची पोती भरली. मामंजी पोत्यांवर चढून बसले. "ढकलतंय का न्हाई, ते मला हितं बसून कळंल," म्हणाले. पुढं आम्ही दोघंच. पाच वर्षांत एवढा वेळ आम्ही दोघंच कधी नव्हतो. मी डोक्यावरचा पदर सांभाळत रस्त्याकडं बघत होते. यांनी माझा हात धरून त्या दांडीवर ठेवला. "मी सांगितलं की दाब. आधी ट्रेलर थांबला पायजे, मग गाडी. मागच्यानं आधी थांबायचं."

पहिल्या उताराला मी दांडी दाबली, पार तळापर्यंत दाबली, पण ट्रेलरनं रेटायचं सोडलं नाही. यांनी कशीबशी गाडी बाजूला घेतली. मामंजी वरून ओरडत उतरले, "बापालाच चरीत घालतोस व्हय रं?"

यांनी सीटखालचं भेंडोळं बाहेर काढलं. म्हणाले, "वायर लय लांब हाय. आन् बारीक. अंतर वाढलं की जोर कमी पडतो."

हे वायरीबद्दलच बोलत होते, मला ठाऊक होतं. पण उद्या आगगाडी यांना किती लांब घेऊन जाणार होती, तेच मला दिसायला लागलं.

यांनी पक्कड उचलली. मामंजींनी हात धरला. "आज? शिराळ्याची लेक शेजारी बसवून?" यांनी माझ्याकडं बघितलं. कापा, असं मला म्हणता येईना. कापू नका, म्हटलं तर गाडी जाणार. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून भलतंच निघालं, "आवं, दोरा कच्चा असला तर आमी दुपदरी घेतो की. कापतो कुठं?"

हे माझ्याकडं बघतच राहिले. मग खो खो हसत सुटले. सगळी वायर सोडली, मधोमध दुमडली. दुमडीवरचं रबर मामंजींच्या काडेपेटीनं जाळलं, फडक्यानं घासून तार उघडी केली आणि ती सॉकेटला जोडली. दोन्ही टोकं एकत्र पिळून डबीला. वायर बरोब्बर पुरली. टेप मात्र दातांनी तोडावी लागली. दातांनी तोडलेलं चालतं का, यावर मामंजींनी बराच विचार केला आणि चालतं म्हणाले.

पुढच्या उताराला हे म्हणाले, "दाब." मी दांडी दाबली. माझ्या हातावर यांचा हात होता, तो यांनी काढला नाही. मागून एकदम ओढ बसली आणि सगळी गाडी जागच्या जागी उभी राहिली. मामंजी पोत्यावर पालथे, पटका रस्त्यात. पटका झटकत खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे गाडी."

शिराळ्याच्या वेशीपाशी मी उतरताना हे म्हणाले, "आता नोकरी सोडायचा कागद टाकतो." मला सोडून हे परत फिरले, आणि दुसऱ्या दिवशी कराडहून आगगाडीनं गेले. त्या वर्षी फेरात माझे पाय कुणाला दिसले असतील, मन कुणाला दिसलं नाही.

दीड वर्षानं हे घरी आले. आले म्हणजे काय, गाडीवर बसले. गूळ सांगलीला, जोंधळा म्हसवडहून, कधी पुण्याची भाडी. कधी दोन दिवसांनी घरी, कधी चार दिवसांनी. पुढच्या सीटवर व्यापारी बसायचा, दांडी हे एकटेच दाबायचे. माझं मेलीचं नशीबच असं. लष्करात होते तेव्हा दोन महिने सलग दिसत तरी होते. मी चिडायची, भांडायची, आणि गाडीचा आवाज आला की चहा टाकायची.

पण पंचमीला गाडी जागेवर. कितीही मोठं भाडं येऊ दे, हे नाही म्हणायचे. ती वायरही यांनी कधी कापली नाही. दुपारी जेवणं झाली की हे अंगणातल्या गाडीत जाऊन बसायचे. मी पान द्यायचं निमित्त करून जायची आणि डाव्या अंगानं शेजारी चढायची. दोघं समोरच्या गोठ्याकडं बघत बसायचो. माहेरी जायचं मी केव्हाच सोडलं होतं.

गाडी गेली, मग हेही गेले. पंचमी आली की भावजय अजून फोन करते, "वन्सं, आता तरी या." मी म्हणते, आज जमायचं नाही. जेवणं झाली की अंगणात, गाडी उभी राहायची तिथं, मी खुर्ची टाकून बसते. जरा डावीकडं सरकवून.