सावडवाले आबा आणि माझा शब्द

नवा शब्द कानावर पडला की आबा तो पारखून घ्यायचे, बाजारात बैलाचे दात बघावेत तसा. "ह्याचं काम काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. शाळा चौथीपर्यंत. मी भोरला राज्यशास्त्र शिकवणारा, पण त्यांच्यापुढे बोलताना माझी जीभ अडखळायची.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. भाताची लावणी तिथं सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. ज्याचं खाचर त्यानं जेवण घालायचं. कुणाचा दिवस कधी, हे आबा ठरवायचे. त्यांनी ठरवलेल्या दिवसावर कुणी कुरकुरलेलं मला आठवत नाही.

विचारसरणी हा शब्द वाडीत मीच आणला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या पॅनेलसाठी देवळापुढे भाषण ठोकलं, त्यात तो दहा वेळा तरी आला असेल. भाषण संपताच आबांनी मला गाठून अर्थ विचारला. मी वर्गातल्यासारखं सांगितलं: समाज कसा असावा, सत्ता कुणाच्या हाती असावी, याबद्दलच्या विचारांची एकमेकांना धरून असलेली मांडणी. "चांगलाय की. पर ह्याचं काम काय?" मी म्हणालो, माणसाला दिशा मिळते.

पुढं वर्षभर मी शनिवारी वाडीत आलो की आबा त्या शब्दाचे वापर ऐकवायचे. एकानं शेजाऱ्याला पॉवर टिलर दिला नाही, कारण विचारसरणी. दुसरा सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्याला गेला नाही, विचारसरणी. वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप फुटून दोन झाले, तेही त्याच पायी. मी म्हणायचो, आबा, लोक शब्द चुकीचा वापरतात. एकदा ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुझ्या पुस्तकात काय बी आसंल. हितं त्याचा अर्थ 'येत न्हाई' आसा हाय." मला राग आला, कारण ते खरं होतं.

मग लावणी आली आणि सावडही दोन पॅनेलांत दुभंगली. आबांच्या खाचरात यायला दोन्ही बाजू तयार होत्या, पण वेगवेगळ्या दिवशी. आबा माझ्या घरी आले. माझ्याकडे त्यांनी काही मागितलं ते तेवढंच.

"तुझी मानसं तुझं ऐकत्यात. एक दिस समदी मिळून या."

मी सांगितलं असतं तर आमचे दहा-बारा जण मुकाट आले असते. पण निवडणुकीत खाल्लेल्या शिव्या माझ्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. मी म्हणालो, "आबा, हा विचारसरणीचा प्रश्न आहे."

"बरं," म्हणाले आणि गेले.

अर्धं खाचर एका बाजूकडून आणि अर्धं दुसरीकडून लावून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. लावणीवाचून रोप वाफ्यातच पिवळं पडलं, तेव्हा त्यात म्हैस सोडली. त्या हिवाळ्यात आबांनी जन्मात पहिल्यांदा दुकानचा तांदूळ खाल्ला आणि माघ संपायच्या आत ते गेले. मी त्यांची माफी मागितली नाही. दर शनिवारी मागायची ठरवत होतो.

अंत्यविधीला दोन्ही बाजू आल्या. कुणी लाकडं फोडली, कुणी तिरडी बांधली, आणि कुणी कुणाचं पॅनेल विचारलं नाही. आम्ही आबांना उचलायला वाकलो तेव्हा काकू, म्हणजे आबांची बायको, उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"लावणीला आसं आला आसता," त्या म्हणाल्या, "तर जेवू घातलं आसतं समद्यांना."