दादा गोड बोलला

वहिनीचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या बाजारात हळदीच्या ढिगापुढे बसून एका शेतकऱ्याशी भांडत होतो. माल ओला आहे असं मी म्हणत होतो आणि तो लेकराची शपथ घेत होता. फोनवर वहिनीचा नंबर दिसला आणि मी सौदा अर्धवट टाकून उठलो. बाप गेल्यापासून त्या घरातून मला कधी फोन आला नव्हता.

"भाऊजी, ह्यांना लई ताप हाय. पाय सुजून भोपळा झालाय. पोरगं पुण्याला. गाडी घेऊन या."

"त्यांना चालंल का मी आलेलं?"

"ते इचारायची येळ हाय का ही?"

दादाचं आणि माझं बोलणं का बंद झालं, हे आमच्या डोंगरकडा गावाच्या आसपास सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा इथे लपवण्यात अर्थ नाही. बाप गेला तेव्हा मी हळदीचा ट्रक घेऊन सांगलीला होतो. निघालोय, थांबा, असा निरोप मी दिला होता. दादा थांबला नाही. मी पोचलो तेव्हा चितेची राख झाली होती. वर चार माणसांत तो म्हणाला, "दलालाला कुठं सवड असती बापासाठी." मी पोती उचलण्यापासून सुरुवात करून स्वतःची आडत उभी केली, ते त्याच्या लेखी दलालीच राहिलं. ते वाक्य मी माफ केलेलं नाही. आजही नाही.

तरी गाडी काढली. हळद काढताना दादाच्या पायावर कुदळ बसली होती. त्याने जखमेत हळद दाबली, फडकं गुंडाळलं आणि तसाच वावरात जात राहिला. मी त्याला उचलून गाडीत बसवलं, तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तो माझ्याकडे पाठ करून, खिडकीबाहेर बघत बसला.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वयाने लहान, पण हाताने झटपट होत्या. त्यांनी फडकं सोडलं, रक्त घेतलं, सलाईन आणि औषध लगेच चालू केलं. मग मला बाजूला घेतलं.

"जखमेतलं विष रक्तात उतरल्याचा संशय आहे. अशा पेशंटला जिवाचा धोका किती, हे ताडायला आम्ही तीन गोष्टी बघतो. श्वास फार जलद आहे का, बीपी खाली आलंय का, आणि डोकं ठिकाणावर आहे का. प्रत्येकाला एक गुण. दोन झाले की धोका मोठा समजायचा."

"मग आमचे किती?"

"एक. श्वासाचा. बीपी काठावर आहे, पण अजून धरून आहे. नाव, गाव बरोबर सांगतात."

"एक म्हंजे भीती न्हाई ना?"

"तसं नाही. एक असूनही पेशंट बिघडू शकतो. म्हणून मी परत परत बघणार. तुम्हीही लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर मला सांगा. आमच्याकडे आयसीयू नाही. गरज पडली तर नांदेडला हलवावं लागेल."

मी आकड्यावर जगणारा माणूस आहे. समोरचा आकडा सांगतो, मी तो खाली ओढतो, हीच माझी रोजी. पण हा आकडा कुठे धरून ओढायचा ते कळेना. एक चांगला की वाईट, हेच मॅडम ठामपणे सांगत नव्हत्या. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून दादाच्या छातीकडे बघत राहिलो. छाती भराभर वरखाली होत होती. माझाही श्वास त्याच्याबरोबर पळायला लागला.

दुपार कलली तेव्हा त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"आलास का बाळा? जेवला का?"

वहिनीने तोंडाला पदर लावला. "बोलले! भाऊजी, तुमच्यासंगं बोलले!"

"उन्हाचा आलायस," दादा म्हणाला. "पाणी पी. लई खपतोस तू. तुझ्यावानी कष्ट आपल्या घरात कोणी केलं न्हाई."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "आजारपणात तरी भाऊ भावाला मिळाला, लई चांगलं झालं." वहिनी रडत रडत हसत होती. तिला वाटलं, ताप उतरायला लागला आणि वैरही उतरलं.

मी मात्र त्याचं तोंड निरखून बघू लागलो. हे शब्द ऐकायला मी इतकी वर्षं तरसलो होतो, खोटं कशाला सांगू. पण बाजारात मी एक गोष्ट शिकलोय. कंजूष माणूस घासाघीस न करता माल देऊ लागला, तर पोत्याच्या तळात हात घालून बघावा. दादा मला चांगलं म्हणणार नाही. मरता मरताही म्हणणार नाही. मी त्याला ओळखतो.

मी उठून मॅडमच्या खोलीत घुसलो. बाहेर रांग होती, ती बघितली नाही.

"मॅडम, माझ्या भावाला अजून एक गुण द्या."

रांगेतला एक जण हसला. "मामा, मार्क वाढवून मागून राहिले का? आमच्या पोराचेबी बघा जरा."

"तू गप रे!" मी त्याच्यावर ओरडलो. मॅडमनी हातातल्या लेकराच्या छातीवरची तपासायची नळी काढली.

"काय झालं?"

"तो माझ्याशी गोड बोलून राहिला."

हे बोलून झाल्यावर मलाच ते कसं वाटतंय ते कळलं. मागून वहिनी आली होती. ती तडकली. "तुमाला त्यांचं गोड बोललेलंबी खपत न्हाई का? आतातरी सोडा की, भाऊजी! माणूस मरणाच्या दारात हाय."

"म्हणूनच बोलून राहिलो ना!"

मॅडमनी आम्हा दोघांना हाताने थांबवलं. "तुमच्याशी एरवी कसं बोलतात?"

"बोलतच न्हाईत."

"किती दिवसांपासून?"

"दिवस न्हाई मॅडम, वर्षं."

त्या हसल्या नाहीत. लेकराला सिस्टरकडे देऊन थेट खाटेपाशी आल्या. "बाबा, नाव सांगा." दादाने सांगितलं. गाव सांगितलं. महिनासुद्धा बरोबर सांगितला. वहिनी माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी भावाचा जीव घ्यायला आलोय. मला स्वतःचीच शंका येऊ लागली. खरंच माझ्या मनातला राग तर बोलत नसेल? चांगल्या माणसाला वेडं ठरवून मी नांदेडपर्यंत हाल करायला निघालोय का?

"आणि हे कोण?" मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

"माझा बारका भाऊ. आताच सांगलीहून आला." दादाने माझा हात दाबला. "जा की लवकर. बाप तुझी वाट बघून राहिला. मी म्हणलं त्याला, थांब, येईल तो."

वहिनीचा हात पदरासकट खाली आला.

मॅडमनी पुन्हा बीपी घेतलं. तेही आता खाली आलं होतं. "तिन्ही झाले," त्या म्हणाल्या आणि मग मला, "बरं झालं आलात. त्यांचं रोजचं डोकं कसं असतं, हे मला कुठून कळणार? ते घरच्यांनीच सांगावं लागतं." सलाईनचा वेग वाढवत त्यांनी नांदेडला फोन लावला.

ॲम्ब्युलन्समध्ये मी त्याच्या उशाशी बसलो. तो सगळ्या वाटेने बडबडत होता, विहिरीचं, बैलाचं, बापाचं. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागत होतो, की ह्याने मला एक शिवी द्यावी.

नांदेडच्या आयसीयूत दुसरा हिशेब होता. तिथे किडनी, लिव्हर, रक्तातल्या पेशी, ऑक्सिजन, सगळ्याला गुण. काचेच्या दाराबाहेर डॉक्टर आले की मी त्यांची वाट अडवायचो.

"आज किती?"

"कालपेक्षा जास्त."

"शेवटचं सांगा साहेब. वाचतो का न्हाई?"

"काका, हा भाव नाही शेवटचं सांगायला. इतके गुण असलेली माणसं एकत्र धरली, तर त्यातली बरीच जातात आणि बरीच राहतात. तुमचे भाऊ कुठल्या बाजूला, ते गुणात लिहिलेलं नसतं."

मी त्यांच्यावरही ओरडलो. कशाला मोजता मग, म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "कोणाकडे आधी धावायचं ते कळावं म्हणून."

पायाची दोन बोटं काढावी लागली. त्यानंतर गुण उतरायला लागले, आधी हळू, मग बऱ्यापैकी. ज्या दिवशी त्याला वॉर्डात आणलं, त्या दिवशी मी दारात उभा राहिलो. दादाने मला पाहिलं, वहिनीला विचारलं, "ह्याला काहून बोलावलं?" आणि भिंतीकडे तोंड केलं. माझं डोकं सणकलं. मी जिन्याच्या तीन पायऱ्या उतरलो, तिथेच बसलो आणि मला रडू आलं, कशाचं ते नीट सांगता येणार नाही. मग बाजारात परत गेलो.

नागपंचमीच्या आसपास वहिनीचा फोन आला. "भाऊजी, हे म्हणतेत, रविवारी जेवायला या."

माझ्या हातातलं हळकुंड खाली पडलं. "वहिनी, ताप हाय का त्यांना? पाय लाल झाला का? श्वास मोजा, आधी श्वास मोजा!"

तिने मोजला की नाही, माहीत नाही. फोनमधून लांबून दादाचा आवाज आला. "त्याला म्हण, यायचं तर ये, न्हाई तर मर तिकडंच, दलाल कुठला! पुरणाचं गार झाल्यावर कोणी वाढणार न्हाई."

मी रविवारी गेलो. चितेचं तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही. जेवताना मात्र मी त्याच्या छातीकडे बघत होतो. त्याच्या ते ध्यानात आलं आणि तो खेकसला, "ताटात बघ."