उसनं नाक

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, कुलपं दुरुस्त करतो. गल्लीत सगळे त्याला नाकाड्या म्हणत आणि तोही ओ देई. "आधी माझं नाक पोचतं, मागून मी," असं स्वतःच सांगायचा. फोटोत मात्र मान कधी वळवायचा नाही. समोरून काढला की नाक जरा कमी दिसतं म्हणे.

नाकपुडीत फोड आला, तो बरा होईना. कॅन्सर निघाला. आधी अर्धं नाक काढलं, मग सगळं, मग रेडिएशन. जखम भरली तरी त्याने दुकान उघडलं नाही. "गिऱ्हाइकाने कुलपाकडे बघायचं की खड्ड्याकडे? नाक आल्याशिवाय मी शटर वर करणार नाही," म्हणाला. त्यापलीकडे त्याला काही नकोच होतं.

हॉस्पिटलात एक मुलगी संगणकावर चेहऱ्यांची थ्रीडी मॉडेलं बनवायची. कॅमेऱ्यांच्या कमानीखाली बसवून तिने त्याचा चेहरा टिपला. स्क्रीनवर तो हवा तसा फिरवता येई. मधोमध खड्डा.

"काका, बाजूने काढलेला जुना फोटो आहे?"

घरात एकही नव्हता. समोरच्या फोटोवरून नाक किती पुढे होतं ते कळत नाही, असं तिने सांगितलं आणि एक सर्वसाधारण नाक बसवून दाखवलं.

मेहुणा बघत राहिला. "हा कोण? माझ्याकडे कुलूप घेऊन येणारा साहेब दिसतो."

"माझं घ्या की," बायको म्हणाली. "आमचं एकाच साच्यातलं आहे. शाळेत मलाही नाकाडीच म्हणायचे."

कमानीखाली हलायचं नाही, हसायचं नाही. मेहुणा मागून म्हणाला, "नीट बस गं. आजवर माझं नाक कापलंस, आज तेवढं जोडून दे." ती फिस्सकन हसली, पहिली खेप फुकट गेली. दुसऱ्या खेपेला तिला रडू आलं. तीही फुकट. तिसऱ्यांदा मुलीने त्याला बाहेर बसवलं.

बहिणीचं नाक थोडं वाढवून भावाच्या चेहऱ्यावर चढवलं आणि मुलीने चेहरा हळूहळू वळवला. बाजूने तो नाकाड्याच होता. मेहुण्याने स्क्रीनच्या काचेवर बोट टेकवलं.

सर्जनने मात्र मॉडेलवर मापं घेऊन स्पष्ट सांगितलं. नाकासाठी कपाळाची कातडी खाली वळवायची. नाक मोठं तर कातडीची ती पट्टी लांब, आणि इतकी वर्षं सिगारेटी ओढून वर रेडिएशन झाल्यावर टोकापर्यंत रक्त पोचेलच असं नाही. लहान नाक जगेल. मोठ्याची खात्री देत नाही.

"म्हणजे कपाळात लिहिलेलं आता नाकावर येणार," मेहुणा म्हणाला.

घरी बायकोने त्याला परोपरीने विनवलं. "दादा, लहानच घे रे. माणसाला नाक असलं म्हणजे झालं."

"लोक मला त्याच नाकावरून हाक मारतात गं. दुसऱ्याचं लावून त्या हाकेला ओ कशी देऊ?" मग माझ्याकडे वळून, "भावोजी, तुम्ही काहीच बोलत नाही."

मला खरंच काही ठरवता येत नव्हतं. तसंच सांगितलं.

त्याने मोठं नाक घेतलं. पहिले दोन दिवस ते गुलाबी होतं, सुजलेलं, पण आकाराने त्याचंच. मग शेंडा जांभळा झाला, पुढे काळा. काळं वर चढत गेलं तसं सर्जन थोडं थोडं कापत गेले. शेवटी काढूनच टाकावं लागलं. कपाळावर रुंद व्रण राहिला. त्या बाजूची कातडी संपली होती. काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूची वापरून लहान नाक करता येईल, असं सर्जन म्हणाले.

"पुरे झालं," मेहुणा म्हणाला.

दुकान अखेर उघडलं, पण बायकोने. सकाळी ती पुढच्या स्टुलावर बसते, कुलपं घेते आणि पडद्याआड त्याच्याकडे सरकवते. परवा एक जुनं गिऱ्हाईक बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलं. "तुम्ही नाकाड्याच्या बहीण ना? कुठे असतो तो हल्ली?"

पडद्याआड घासणारी कानस थांबली. बायको क्षणभर वाट बघत राहिली. आतून कोणी ओ दिली नाही.

"बाहेरगावी असतो," ती म्हणाली, आणि कुलपासाठी हात पुढे केला.