भामरागडला मधाचं व्याख्यान

सांगलीहून निघताना बायकोने एकच विचारलं, "जंगलातल्या लोकांना मधाचे फायदे सांगायला इतक्या लांब जायचं?" पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी 'मध आणि आरोग्य' यावर व्याख्यानं देतो, तेव्हा अशा प्रश्नांना उत्तर देत नाही. भामरागडच्या एका महिला बचतगटाने पहिल्यांदाच मध विक्रीला काढला होता. माझं ऐकून लोक बाटल्या घेतील, अशी त्यांना आशा. "तुम्हाला एकटं सोडवत नाही," म्हणत बायको, वसुधा, सोबत आली.

आरमोरीला ऊन मी म्हणत होतं. भाताच्या बांध्या (बांध घातलेली खाचरं) तडकलेल्या. 'बर्फ घशाचा शत्रू' असं मी दर व्याख्यानात सांगतो. बाजारात रसवंती दिसली आणि उसाचा रस बर्फासकट प्यालो. वर आणखी एक ग्लास मागितला.

पुढे सागाचं निष्पर्ण जंगल. आलापल्लीला उतरून चहा मागितला, तर तोंडातून नुसती हवा आली.

"काऊन भाऊ, गळा बसला का?" चहावाला म्हणाला. "सहद (मध) चाटा."

"कोमट पान्यात घ्या," रात्रीच्या मुक्कामाला लॉजचा मॅनेजर म्हणाला.

"त्यात अद्रक टाका," शेजारच्या खोलीतून सल्ला आला.

हे सगळं माझ्याच पत्रकात छापलेलं आहे, पण ते कुणी माझ्यावरच चालवेल असं वाटलं नव्हतं. नाही म्हणायची सोय नव्हती. सगळे प्रयोग केले. सकाळपर्यंत आवाज आला नाही, पोट मात्र बिघडलं.

भामरागडला नद्यांच्या संगमावर वाळू झगझगत होती. पावसाळ्यात हा रस्ताच तुटतो. गटाच्या अध्यक्ष सुशीलाबाईंनी तांदळाच्या भाकरीवर नवा मध वाढला. गडद, किंचित कडवट, आणि इतका चवदार की खाताना मला त्याचा एकही फायदा आठवला नाही.

मी खुणेने गळा दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. "आता का करावं जी? लोकं येऊन बसले, बाटल्या मांडून ठेवल्या. तुमच्याच भरवशावर होतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वसुधाने पदर खोचला. "यांचं भाषण मला पाठ आहे. मी बोलते."

बोलली, पण माझं भाषण नव्हे. "मधाने कॅन्सर जातो, टकलावर केस येतात, असं आमचे हे सांगतात. त्यातलं काही खरं नाही. शुगर असेल त्यांनी जपून खावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच चाटवू नका. साध्या खोकल्याला चमचाभर बरा वाटतो."

"मंग विकत घ्याचं काऊन?" मागून एक म्हातारा ओरडला.

"चवीसाठी. भाकरीवर घालून बघा."

"अन् गळा बसला तं?"

वसुधाने माझ्याकडे बोट केलं. "हे कालपासून मधच खातायत. विचारा त्यांना."

मी तोंड उघडलं. पुन्हा हवाच. मांडवात असा हशा पिकला, जो माझ्या विनोदांना कधी मिळाला नाही. म्हाताऱ्याने पहिली बाटली उचलली, आणि बघता बघता टेबल रिकामं झालं. सुशीलाबाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मला बरं वाटलं आणि रागही आला.

परतीच्या गाडीत माझा आवाज परत आला. प्रवासाने माणूस नम्र होतो, असं मी वसुधाला बराच वेळ समजावून सांगितलं. ती झोपली होती.

घरी पोचतो तोच चिमूरच्या एका बचतगटाचा फोन आला. "आमच्याइथीबी सहदाचा कार्यक्रम ठेवला हाय. बाईले पाठवसान का?"

"आणि मी?"

"तुमी तं पायजेच भाऊ. फक्त येताना गळा बसवून या."