मेडिसिनचा पेपर आणि बाबा

बाबांना हार्ट अटॅकची सगळी लक्षणं पाठ होती. मीच शिकवली होती.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

माझ्या एमबीबीएसच्या बॅचमधले बहुतेक जण डबल स्पीडवर व्हिडिओ बघतात. कुणी फ्लॅशकार्ड्स, कुणी नुसते एमसीक्यू सोडवतं. मी सगळं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी डोकं कोरं.

मला समोर कुणीतरी लागतं. मोठ्यानं समजावून सांगितलं, तरच माझ्या लक्षात राहतं.

म्हणून बाबा.

मंडीदीपच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले टेक्निशियन. कोलार रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी चष्मा पुसून माझ्यासमोर बसायचे.

"जबडा दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे ना?"

"नाही हो बाबा! जबडा, डावा हात, घाम. एक मिनिटही थांबायचं नाही. सरळ इमर्जन्सी."

"समझ गया, मॅडम."

मेडिसिनच्या पेपरच्या सकाळी त्यांचा शर्ट घामानं ओला होता. मी विचारलंसुद्धा.

"गर्मी आहे गं. तू निघ, गेट बंद होईल."

मी निघाले. रिक्षात औषधांचे डोस पुटपुटत.

मागे ते आईला म्हणाले, "छातीत जड वाटतंय. पण तिचा पेपर होईपर्यंत तिला फोन करायचा नाही."

आईला वाटलं, ॲसिडिटी असेल.

तासाभरात ते स्वयंपाकघरात कोसळले. शेजाऱ्यांनी गाडी काढली.

पेपर छान गेला म्हणून मी हसत बाहेर आले. फोन सुरू केला.

सतरा मिस्ड कॉल.

हॉस्पिटलला पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढचा पेपर मी दिलाच नाही. सप्लीलाही, म्हणजे फेरपरीक्षेलाही, बसले नाही.

त्यांना कळलं नव्हतं, की कळूनही थांबले?

आणि मी? तो घाम मी पाहिला होता. पाहिला होता मी.

म्हणून आता सगळी परीक्षा नव्यानं; सोमवारी पुन्हा मेडिसिन. पुस्तक उघडते. एकच पान चार-चार वेळा वाचते.

आज सकाळी आईनं टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"मला काही कळणार नाही. पण तू बोल."

मी थायरॉइडचं प्रकरण काढलं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"आई, कुठेही काही दुखलं तर मला लगेच फोन करायचा. पेपर असू दे, नाहीतर काहीही. म्हणून दाखव."

तिनं म्हणून दाखवलं.

मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग दोघी रडलो. मग थायरॉइड सुरू केलं.

बाबा, तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.