ऐकणारा एकच

अंधेरीच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. काहीही समजावलं की "कळलं ना?" म्हणतो आणि उत्तराला थांबत नाही. आमच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, लगेच मेसेज पोचवायची सोय तो करत होता आणि ती तपासायचं काम माझ्याकडे होतं. चहाच्या कागदी कपावर बाण काढत तो म्हणाला, "पाठवणारा चॅनलवर मेसेज टाकतो. ज्यांनी ते चॅनल लावलंय, त्यांना मिळतो. कोण ऐकतंय ते पाठवणाऱ्याला माहीत नसतं. कोणीच नसेल तर मेसेज फुकट. कळलं ना?"

मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एकला माझ्या टेस्टिंगच्या फोनवर मेसेज यायला लागला, "जेवले." मी तो बग म्हणून नोंदवला. त्याने ती नोंद बंद केली. शेवटी तो मेसेज ज्या चॅनलवर येत होता, ते मी उघडलं. ऐकणारा एकच होता, मी.

"कोण जेवतं रे रोज?"

"आई. कांदिवलीला एकटी असते. तिच्या फोनवर आपलं अ‍ॅप टाकून दिलंय, जेवली की कळवते."

"मग ते चॅनल तू लाव ना!"

"लावलं होतं यार. मीटिंगमध्ये बघायचं राहतं. तू प्रत्येक मेसेज बघतोस."

चिडावं की नाही, ते मला ठरवता येईना.

काल सव्वा वाजला तरी मेसेज नाही. मी उठलो आणि मीटिंगच्या खोलीचं दार ढकललं. मला बघून तो ताडकन उभा राहिला. तेवढ्यात माझ्या हातातला टेस्टिंगचा फोन वाजला, "जेवले."

तो खाली बसला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी कशाला आलोय, ते मला सांगता येईना.